नत्थुजींचं तोंड

भातकुली मागे टाकून दर्यापूरच्या अंगानं निघालं की जमीन सपाट होत जाते, झाडं विरळ होत जातात आणि विहिरीचं पाणी खारट होत जातं. या खारपाणपट्ट्यात दीडशे उंबऱ्यांचं एक गाव आहे. तिथला हरभरा देखणा, गहू बेताचा आणि माणसं बोलायला मोकळी. अशा बोलक्या गावातही नत्थुजी गावंडे हे बोलके म्हणून ओळखले जात. यावरून त्यांच्या जिभेची कल्पना यावी.

नत्थुजींची सात एकर काळी जमीन आहे. तिची मशागत ते मन लावून करतात, पण गावात त्यांचं नाव शेतीमुळे नाही. नाव आहे ते आवतनामुळे. कोणाच्या घरी लग्न असो, बारसं असो, पत्रिका कितीही रंगीत छापली तरी त्या गावात पत्रिकेनं माणूस येत नाही. घरी येऊन तोंडानं आवतन द्यावं लागतं, आणि ते तोंड नत्थुजींचं असावं लागतं. कोणत्या घरात थट्टा करायची, कोणत्या घरात हात जोडायचे, कोणत्या घरी जुनं भांडण आहे म्हणून ओट्यावरूनच बोलून निघायचं, हे त्यांना पाठ होतं. सोयरिकीच्या बैठकीत मुलीकडची मंडळी लाजली की नत्थुजी त्यांच्या वतीनं बोलत. तहसीलमध्ये साहेबासमोर कोणाची बोबडी वळली की नत्थुजी पुढे होत. दुसऱ्याच्या मनातलं आपल्या तोंडानं मांडणं, ही त्यांनी जन्मभर केलेली सेवा होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

"अजी, तुमच्या तोंडाले कुलूप त नाईच, कडीबी नाई," असं कौशल्याबाई म्हणत. पण म्हणताना त्यांच्याही आवाजात थोडं कौतुक असे.

त्यांना उशिरा झालेली एकुलती लेक, अपेक्षा. दहावीला तिला चौऱ्याण्णव टक्के पडले तेव्हा नत्थुजींनी त्या उन्हाळ्यातल्या प्रत्येक लग्नाच्या आवतनाला ते टक्के जोडले. "मंगळवारी हळद, बुधवारी लगन, आन् आमच्या पोरीले चौऱ्याण्णव." मग तिला डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी अकोल्याला शिकवणीत ठेवलं. बारावी झाली, एक प्रयत्न झाला, दुसरा झाला. दुसऱ्या प्रयत्नानंतर आखाडात अपेक्षा पत्र्याची पेटी घेऊन घरी परतली, आणि ती आली तरी घरात ती आहे असं वाटेना.

जेवायला बसली तर अर्धी पोळी. दिवसा झोपायची. कोणाचाही फोन वाजला की कानांवर हात ठेवून मागच्या आवारात कडब्याच्या गंजीआड जाऊन उभी राहायची. गावानं विचारलं, आणि गावाला उत्तर द्यायला नत्थुजी होतेच. एका घरी म्हणाले, थकली हाये. दुसऱ्या घरी म्हणाले, अकोल्याचं पाणी नाई मानवलं. तिसऱ्या घरी म्हणाले, पुढच्या खेपेले पाहा.

तालुक्याला परीक्षेचा ताण घालवायचं एक शिबिर झालं तेव्हा तिथंही नेऊन आणलं. तिथं आलेल्या सगळ्या मुलांना एकच छापील कागद मिळाला. पहाटे उठा, ध्यान करा, चांगले विचार करा, मनातलं वहीत लिहून काढा. नत्थुजींनी त्याच दिवशी दोनशे पानी वही आणली. अपेक्षानं वही उघडली, त्या रेघा पाहिल्या आणि ती ओकली. कौशल्याबाईंनी काही न बोलता ती वही चुलीत घातली.

शेवटी गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई विमल एकदा ओट्यावर टेकली. "काका, एकच गोळी साऱ्या गावाले चालत नाई. अमरावतीत राजापेठीत एक मॅडम हायेत. जवान पोरापोरींशीच बोलतात, आन् एकेकाशी येगळं बोलतात. घेऊन जा तिले."

राजापेठेत शिकवण्यांचे फलक, चष्म्यांची दुकानं आणि फुटपाथ दिसू नये इतक्या दुचाक्या. त्या दाटीत एका दुकानावर अरुंद जिना होता आणि वर पौर्णिमा मॅडमची खोली. मॅडम चाळिशीच्या. वडील वकील, आई शिक्षिका, बोलणं शहरी. पण कान वऱ्हाडीला सरावलेले.

"नाव काय तुझं?" मॅडमनी विचारलं.

"अपेक्षा नत्थुजी गावंडे," नत्थुजी म्हणाले.

"झोप लागते?"

"दिवसा लागते जी. रात्री तळमळते."

"जेवण?"

"अर्धी पोळी. थेबी माय समोर बसली त."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "काका, तुम्ही फार चांगलं सांगता. आता बाहेर जाऊन बसा."

"मी बाहेर? मंग तिचं कोण सांगीन?"

"बघू. कोणी नाही सांगितलं तर दोघी गप्प बसू."

नत्थुजी जिन्यावर बसले. पाऊण तास. खालच्या शिकवणीतली मुलं येत-जात होती आणि प्रत्येक वेळी त्यांना गुडघे आवळावे लागत होते. अपेक्षा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण मान वर होती. "काय म्हणे?" त्यांनी विचारलं. ती जिना उतरू लागली. नत्थुजी तसेच आत गेले.

"काय निघालं मॅडम?"

"ते अपेक्षाचं आहे, काका. ती एकोणीस वर्षांची आहे. तिनं सांगितलं तर तुम्हाला कळेल."

"मी बाप हाओ जी तिचा."

"म्हणून तर पाऊण तास जिन्यावर बसलात."

गावी पोचेपर्यंत नत्थुजी कुरकुरत होते. साधा डॉक्टर ताप आहे की मलेरिया एवढं तरी सांगतो. ही कुठली रीत, की औषध काय दिलं तेही सांगायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून दर गुरुवारी अमरावतीची खेप सुरू झाली आणि रोज दुपारी चार वाजता अपेक्षाचा फोन वाजू लागला. ती ओसरीत स्टुलावर फोन ठेवायची, समोर बसायची आणि तो वाजून वाजून बंद होईपर्यंत नुसती पाहत राहायची. कपाळावर घाम. तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी नत्थुजी वावरातून आले, फोन वाजताना दिसला, पोरगी उचलत नाही असं दिसलं. त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं.

"हॅलो. बोला जी. मी नत्थुजी गावंडे बोलून राहिलो, तालुका भातकुली."

पलीकडे मॅडम होत्या. "काका, हा तुम्ही नाही उचलायचा."

अपेक्षा उठून उभी राहिली होती. "बाबा, माहा फोन हाये थो," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

नत्थुजी खजील झाले. कौशल्याबाई मात्र आत चुलीपाशी पुटपुटल्या, "राग आला. म्हणजे जीव हाये."

पुढच्या गुरुवारी अपेक्षानं होकार दिल्यावर मॅडमनी नत्थुजींना आत बोलावून तेवढं समजावलं. अकोल्याला दर रविवारी चार वाजता फोनवर चाचणीच्या गुणांची यादी येई. कोण वर गेलं, कोण खाली आलं. अपेक्षाचं नाव दर रविवारी खाली खाली सरकत गेलं, आणि पुढे पुढे कोणाचाही फोन वाजला की तिला ती यादीच वाटू लागली. म्हणून आधी फोन नुसता वाजू द्यायचा आणि समोरून उठायचं नाही. तेवढं जमलं की उचलायचा, बोलायचं नाही. मग एक शब्द. रोज चारची दोन मिनिटं मॅडम त्यासाठी राखून ठेवत.

"आमच्याकडं सर्वांले एकच कागद देल्ता," नत्थुजी म्हणाले.

"कोणाला वहीच लागते. कोणाला चालता चालता बोलावं लागतं, खुर्चीत बसलं की जीभ जड होते. हिला वही चालत नाही. गुंता जिथं बसलाय तिथूनच सोडवावा लागतो."

कार्तिक लागला तेव्हा अपेक्षा फोन उचलू लागली होती. मार्गशीर्षात ती आवारात फेऱ्या मारत बोलताना दिसायची. पोळी पूर्ण खाऊ लागली. एक दिवस ती एकटी भातकुलीला गेली आणि पिशवीभर पेरू घेऊन परत आली. त्या पेरूंकडे पाहून नत्थुजींना हुंदका आवरेना. ते तोंड धुवायच्या निमित्तानं मागं गेले.

आखाडात त्यांनी गावच्या मारुतीला नवस बोलला होता. पोरगी सावरली तर पाच पायल्यांचे रोडगे. आता रोडगे करायचे ठरले. कणकेच्या घड्यांवर तेल लावून वळलेले जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, आणि अख्खं गाव पंगतीला. त्या गावची एक रीत आहे. नवस मनात बोलला तरी चालतो, पण फेडताना चार लोकांपुढं उभं राहून मोठ्यानं बोलावा लागतो. कशासाठी मागितलं आणि काय मिळालं, हे सांगितल्याशिवाय नारळ फुटत नाही.

"पोरीले इचारलं का?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"देवाचं काम हाये. त्यात इचाराचं काय?"

"अजी, इचारा."

नत्थुजींनी विचारलं नाही. दुसऱ्यांच्या कार्याची आवतनं देत त्यांचं आयुष्य गेलं होतं. आपल्या घरचं आवतन द्यायची ही पहिलीच वेळ, आणि त्या आनंदात ते घरोघर हिंडले.

शनिवारी मारुतीजवळच्या पडीत वावरात गोवऱ्यांचा धूर चढला. अपेक्षाही बायकांत बसून कणकेला घड्या घालत होती. पंगतीच्या आधी नत्थुजी नारळ घेऊन उभे राहिले.

"राजेहो," त्यांनी सुरुवात केली, आणि मग सगळं सांगितलं. अर्धं सांगणं त्यांना येतच नव्हतं. पोरीची झोप कशी गेली, वही पाहून ती कशी ओकली, फोनला कशी भ्यायची, कडब्याआड कशी उभी राहायची. मग राजापेठ, तो अरुंद जिना, मनाचं दुखणं पाहणाऱ्या मॅडम, चार वाजताचा फोन. पेरूंपर्यंत आले तेव्हा म्हाताऱ्या सत्यवतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता आणि मागे उभे असलेले लोक पुढे सरकले होते. नत्थुजी आयुष्यात इतकं चांगलं कधी बोलले नव्हते. नारळ एका फटक्यात फुटला. बायका वळून वळून अपेक्षाकडे पाहत होत्या, मायेनं पाहत होत्या. तिचे कणकेतले हात थांबले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सत्यवतीबाई आल्या. "काय वं पोरी, डोकं बरं हाये ना आता?" त्यांच्या मागून आणखी एक जण. तिनं वहीबद्दल विचारलं, खरंच ओकली होती का म्हणून. आणि दुपारी पावणेचारला गल्लीतल्या चार बायका तूर निवडायला घेऊन नत्थुजींच्याच ओट्यावर येऊन बसल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. फोन कसा वाजतो ते त्यांना पाहायचं होतं.

चार वाजता फोन वाजला. बायकांचे हात सुपात थांबले. अपेक्षा दारात आली, तिनं त्यांच्याकडे पाहिलं, फोन घेतला आणि बंद करून टाकला. बापापाशी येऊन ती हळू आवाजात म्हणाली, "थे माहं व्हतं, बाबा. तुमी परसादावानी वाटून टाकलं."

मग तिनं खोलीचं दार लावलं. त्या गुरुवारी ती अमरावतीला गेली नाही. पुढच्याही नाही. ताटात पुन्हा अर्धी पोळी उरू लागली.

तिसऱ्या आठवड्यात नत्थुजी एकटेच राजापेठेत गेले. मॅडमनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"मी चांगलंच सांगतलं जी. एक शब्द वाईट नाई."

"चांगलंच सांगितलंत."

"मंग चुकलं कोठी?"

"ते तुमचं नव्हतं, काका."

नत्थुजी खुर्चीत पुढे सरकले. "तुमी तिले समजावा. एक फोन करा. तुमचं ऐकते थे."

"तिनं फोन बंद ठेवलाय. ते तिचं सांगणंच आहे, आणि मी ते ऐकते आहे. दार उघडं आहे एवढा एक निरोप मी लिहून ठेवलाय. त्यापुढं ढकलणार नाही."

"मंग मी काय करू?"

"तिला काय हवं आहे ते विचारा. एकदाच. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही, आणि तिच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही. जेवण अगदीच सुटलं, जिवाचं काही बरंवाईट बोलली, तर मात्र त्याच घडीला मला कळवायचं. तिथं थांबायचं नाही."

"इतकंच?"

"तुमच्यासाठी ते इतकंच नाही," मॅडम म्हणाल्या.

येताना एसटीत शेजारी वलगावचा एक ओळखीचा माणूस बसला होता. त्यानं दोनदा पोरीचा विषय काढला. नत्थुजींनी दोन्ही वेळा खिडकीबाहेर पाहिलं.

घरी येऊन ते अपेक्षाच्या दाराबाहेर उभे राहिले. "पोरी, चुकलं माहं. तुले काय पायजे, सांग." एवढं बोलून ते बाजूला झाले. आतून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. त्या दिवसांत नत्थुजी किती वेळा त्या दारापाशी गेले आणि किती वेळा परत फिरले हे कौशल्याबाईंनी पाहिलं. एकदा तर तोंड उघडलं होतं. त्यांनी ते हातानं झाकलं.

पाचव्या दिवशी ते गोठ्यात बैलांपुढे वैरण टाकत होते. अपेक्षा येऊन खुंट्याला टेकली.

"माह्याबद्दल कोणीबी इचारलं त सांगाचं नाई. वाईट नाई, आन् चांगलंबी नाई."

"चांगलंबी नाई?"

"चांगलंबी नाई. मी गेली त गेली म्हणून सांगाचं नाई, नाई गेली त नाई गेली म्हणून सांगाचं नाई."

"बरं."

"आन् मलेबी इचाराचं नाई, आत काय झालं म्हणून."

नत्थुजींनी हातातली वैरण खाली ठेवली. "बरं, माय."

"मंग गुरुवारी चला," ती म्हणाली. "पण जिन्यातच बसाचं."

त्या गुरुवारी नत्थुजी जिन्यात बसले असताना खालून एक पोरगा वर येऊ लागला. वळणावर दोघांची नजरानजर झाली. गावातल्या वामनरावांचा बंडू. बावीस वर्षांचा, ट्रॅक्टर चालवणारा, पारावर सर्वांत मोठ्यानं हसणारा. त्याच्या तोंडाचा रंग उडाला. तो उलटा फिरायला निघाला.

नत्थुजींनी गुडघे आवळले आणि भिंतीकडे सरकून त्याला वाट करून दिली.

बंडू त्यांच्या बाजूनं वर चढला, दोन पायऱ्यांवर थांबला. "पत्ता तुमच्याचकडून भेटला, काका," तो मागे वळून न पाहता म्हणाला. "रोडग्याच्या दिवशी. घरी कोणाले माहीत नाई."

नत्थुजी त्या पायरीवर बसून राहिले. म्हणजे ते बोलणं अगदीच वाया गेलं नव्हतं. त्या दिवशी मारुतीपुढं ते जे बोलले त्यानं एक पोरगा हा जिना चढला. हे अपेक्षाला सांगितलं तर ती समजेल, बापानं केलं ते सगळंच वाईट नव्हतं एवढं तरी तिच्या मनात येईल. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं.

मग त्यांच्या ध्यानात आलं की हेही त्यांचं नव्हतं. हे बंडूचं होतं. आणि आपला दोष हलका करायला ते वापरायचं म्हणजे पुन्हा तेच वाटप. त्यांनी ते वाक्य गिळलं. जन्मात त्यांनी पुष्कळ कडू काढे गिळले होते, त्यांतला हा सर्वांत कडू.

माघात रामराव पाटलांकडचं लग्न निघालं आणि आवतनाचं काम नत्थुजींकडेच आलं. घरोघरी तोच प्रश्न. "पोरगी कशी हाये?"

"मंगळवारी लगन हाये जी. सर्वांनी याचं."

"अजी, पोरगी कशी हाये म्हटलं."

"जेवूनच जाचं."

गाव चकित झालं. ज्या माणसानं पोरीचे टक्के पत्रिकेबरोबर वाटले, रोडग्यावर अर्धा तास भाषण केलं, तो आता गप्प. गावानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. नत्थुजी बोलत नाहीत म्हणजे सांगण्यासारखं उरलं नाही. पोरगी पुन्हा बिघडली. आठ दिवसांत कोणीतरी तिला नागपूरला भरतीही करून टाकलं.

पारावर वामनरावांनी त्यांना गाठलं. दोघे एका वर्गात शिकलेले. "नत्थू, लोकं म्हणतात पोरगी नागपूरले हाये. खरं का?"

अपेक्षा त्या घडीला घरी अंगणात ऊन खात बसली होती. तीन दिवसांपूर्वी तिनं स्वतः अकोल्याला फोन लावून शिकवणीकडे राहिलेले आपले कागद मागितले होते. आपल्या हातानं, आपल्या तोंडानं. नत्थुजींनी ते दाराआडून ऐकलं होतं.

"माह्या हरभऱ्याले घाटे कसे धरले थे इचार," ते म्हणाले. "तासभर सांगतो."

"म्हणजे खरं हाये."

"मी काई म्हटलं नाई."

"थेच त. तू काई म्हणत नाई." वामनराव पारावरच्यांकडे वळून म्हणाले, "माणसानं लेकराले इतकं शिकोवाचं कावून? आमचा बंडू पाहा. ना शिकला, ना डोक्शाले ताप. हसून खेळून हाये."

पारावरचे हसले. उत्तर नत्थुजींच्या जिभेच्या टोकावर आलं. एका वाक्यात वामनराव गार झाले असते. ते वाक्य खरं होतं, आणि आजवर त्यांनी खऱ्या वाक्याला कधी अडवलं नव्हतं. त्यांनी वामनरावांकडे पाहिलं. या माणसाला काहीच माहीत नाही, याचं त्यांना हसू येण्याऐवजी वाईट वाटलं. काही वर्षांपूर्वी आपणही असेच पोरीचे टक्के सांगत हिंडत होतो.

"चांगला हाये बंडू," एवढंच ते म्हणाले, आणि उठले.

घरी कौशल्याबाई भडकल्या होत्या. गोष्ट त्यांच्या कानावर आधीच आली होती. "इतकं तरी सांगा का पोरगी घरी हाये. लोकं नागपूरले पोचवून राहिले तिले."

"तिनं सांगतलं नाई."

"आन् उद्या सोयरीक आली त?"

"तिनं सांगतलं नाई, अवं."

अपेक्षा अंगणातून हे ऐकत होती. तिनं बापाला मोकळं केलं नाही. "सांगा आता," असं ती म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला गोडं पाणी आलं तेव्हा तिनं आईच्या हातातली पाण्याची गुंडी घेतली आणि जवळची वाट सोडून पारावरून गेली. पारावर वामनराव बसले होते.

"वामनकाका," ती थांबून म्हणाली, "मी घरीच हाओ. नागपूरले नाई. बरी असते कधी, कधी नसते. याच्यापुढचं इचाराचं असलं त मले इचारजा, बाबाले नाई."

"नाई पोरी, आमी आपलं..." वामनराव म्हणाले. ती गुंडी कडेवर घेऊन पुढे गेली. नत्थुजींना हे दुपारी रामरावांकडून कळलं. रामराव रंगवून सांगत होते, मध्येच थांबून नत्थुजींच्या तोंडाकडे पाहत होते. नत्थुजींनी ऐकून घेतलं आणि मांडवाच्या बल्ल्या किती लागतील ते विचारलं.

पुढच्या गुरुवारी ते जिन्यात बसले होते. त्या दिवशी पाऊण तासाचा सव्वा तास झाला. अपेक्षा बाहेर आली. तिचा चेहरा रडलेला होता की हसलेला हे त्यांना कळेना, आणि त्यांनी ते शोधलंही नाही. दोघं बसस्टँडवर आली. भातकुलीची गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली, ते शेजारी. गाडी शहराबाहेर पडली, दोन्ही बाजूंनी हरभऱ्याची शेतं सुरू झाली, कंडक्टर तिकिटं फाडून पुढे गेला. नत्थुजी समोरच्या सीटच्या दांड्याला धरून गप्प होते. आता त्या गप्प बसण्यात पहिल्यासारखं आवळून धरलेलं काही नव्हतं.

अर्धी वाट संपली तेव्हा अपेक्षानं खिडकीची काच ओढून लावली. वाऱ्याचा आवाज थांबला.

"बाबा," ती म्हणाली, "आज मी आतमधी काय सांगतलं, सांगू का?"

"तुही मर्जी असीन त."

ती सांगू लागली. नत्थुजी तिच्याकडे न पाहता, एक शब्द मध्ये न टाकता, भातकुली येईपर्यंत ऐकत राहिले. उतरल्यावर त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं गावच्या ऑटोकडे चालू लागली.

तिनं काय सांगितलं, ते नत्थुजींनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. कौशल्याबाईंनाही नाही.